वाचनकट्ट्याला विषय नको, प्रश्न द्या

पत्र : घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी आम्ही वाचनकट्टा सुरू केला. १४ सभासद आहेत. सगळ्यांत धाकटी २६ वर्षांची, सगळ्यांत मोठे काका ७१ चे. जानेवारीत मी हौसेनं बारा महिन्यांचे बारा विषय ठरवले: ऐतिहासिक कादंबरी, स्त्री लेखिका, विज्ञानकथा, प्रवासवर्णन, अनुवाद असे. महिन्याला एक पुस्तक हे चॅलेंज. वाचून झालं की ग्रुपवर फोटो टाकायचा आणि गुण मिळवायचे. मार्चपर्यंत झकास चाललं. आता जेमतेम पाच जण येतात. बाकीचे ‘पुस्तक झालं नाही हो’ म्हणून फिरकतच नाहीत. काका महिन्याला सहा पुस्तकं वाचतात आणि सगळ्यांची कथानकं सांगतात. तरुण मंडळी इंग्रजी चालेल का विचारतात. एक जण तर फक्त ऑडिओबुक ऐकतो. पुढच्या वर्षाचं नियोजनही माझ्याच गळ्यात आहे. विषय कसे ठरवू? गुण ठेवू का? वर्षअखेरीला बक्षीस द्यावं का? आणि काकांचं काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर :

ताई,

काकांकडे नंतर येऊ. तुमच्या कट्ट्याचं दुखणं ते नाहीतच. आधी ती बारा विषयांची यादी समोर घ्या.

ऐतिहासिक कादंबरी, विज्ञानकथा, प्रवासवर्णन… या वाचनालयातल्या कपाटांवरच्या पाट्या झाल्या. पुस्तक शोधायला पाटी लागते, गप्पा मारायला तिचा काही उपयोग नाही. समजा, महिना ऐतिहासिक कादंबरीचा आहे. एकीनं पेशवाईवरची आणली, दुसऱ्यानं शिवकाळातली, तिसऱ्यानं रशियन कादंबरीचा अनुवाद. तिघांनी आपापली गोष्ट सांगितली. ऐकणाऱ्यानं विचारायचं काय? त्यानं तर ते पुस्तक उघडलेलंही नाही. ‘छान वाटतंय, झालं की मला द्या’ म्हणायचं आणि पोह्यांच्या बशीकडे वळायचं. अशा तीन बैठका झाल्या की चौथ्या वेळी नेमका पाहुणा येतो, नाहीतर गॅसवाला येतो. तुमची माणसं आळशी नाहीत. त्यांना तिथे बोलायलाच काही मिळत नव्हतं.

त्याच महिन्याला प्रश्न देऊन बघा. ‘हरलेल्या बाजूची हकिगत कोण सांगतं?’ पुस्तकं हवं तर तीच आणा. पण आता पेशवाईवालीला सांगावं लागेल की पानिपतावर पडलेल्या शिपायाच्या घरी पुढे काय झालं, याची तिच्या लेखकाला काही पडली आहे का. रशियन अनुवादवाला म्हणेल, आमच्याकडे तर विजयातही सगळे हरलेलेच दिसतात. आणि ज्याचं पुस्तक झालेलं नाही तोही मध्ये तोंड घालील, कारण प्रश्नावर त्याचं काहीतरी मत असतंच. पुढच्या वर्षी बाकी काही जमलं नाही तरी चालेल, पण एवढा एक बदल कराच.

मग सरळ सगळ्यांनी एकच पुस्तक का वाचू नये, असं कुणीतरी म्हणेलच. वाचावं की. प्रती कुठून आणायच्या ते आधी सांगा म्हणावं. वाचनालयात एका पुस्तकाच्या दोन, फार तर तीन प्रती असतात. जुनं असेल तर आवृत्ती संपलेली असते आणि दुकानदार ‘मागवतो’ म्हणून फोन नंबर लिहून घेतो. चौदा जणांनी दरमहा तीन-चारशे रुपये खर्चावेत हे पेन्शनवर असलेल्यालाही जड आणि पहिल्या नोकरीतल्या मुलीलाही. शिवाय एकाला नको असलेलं पुस्तक सगळ्यांच्या माथी मारलं की महिनाभर कुरकुर ऐकावी लागते. म्हणून प्रश्न एक आणि पुस्तकं चौदा, हीच रचना आपल्याला परवडते.

तिला एक जोड मात्र हवी: सगळ्यांनी मिळून वाचायचा एक छोटा मजकूर. पाच-दहा पानांचा, घरून वाचून यायचा नाही, बैठकीतच कुणीतरी मोठ्यानं वाचायचा. एखादी कथा, निबंध, चार कविता. अभिवाचनाची आपल्याकडे जुनी हौस आहे, ती इथे कामाला लावा. ज्याचं महिन्याचं पुस्तक राहिलं त्यालाही या मजकुरावर बोलता येतं. म्हणजे ‘वाचून झालं नाही’ हे घरी बसायचं कारण उरत नाही.

एप्रिलचं उदाहरण सविस्तर सांगते, म्हणजे बाकीचे महिने तुम्हीच बांधाल. ११ एप्रिलला जोतीराव फुल्यांची जयंती, १४ ला बाबासाहेबांची. पाटी लावायची तर ‘समाजसुधारक’ लिहून आपण मोकळे होतो आणि बैठकीत भाषणं होतात. त्याऐवजी विचारा: ‘घरातलं पहिलं माणूस शिकलं की घरात काय हलतं?’ सामाईक मजकुरासाठी मुक्ता साळवे यांचा निबंध घ्या. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेतली ही विद्यार्थिनी, वय चौदाच्या आसपास. मांग आणि महार यांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. काही पानांचाच आहे, पण मोठ्यानं वाचला की खोलीतली चुळबुळ थांबते, कारण ती मुलगी कुणाची मनधरणी करत नाही, थेट जाब विचारते. त्याच वर्षी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं, विषय तोच, शिक्षण. तुमच्याकडे नाटकाची हौस असलेले तिघं-चौघं असतीलच, त्यांना एक प्रवेश वाटून द्या.

आता पुस्तकं. कुणी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणेल. त्या लग्नानंतर घरीच अक्षरं शिकल्या. कुणी दया पवारांचं १९७८ चं ‘बलुतं’ आणेल, तिथे शिकलेला मुलगा घर आणि बाहेरचं जग यांच्या मध्ये अडकलेला दिसतो. तुमची २६ वर्षांची सभासद इंग्रजीतलं एखादं आत्मकथन आणेल, आणू दे. या तिन्ही पुस्तकांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण प्रश्न एकच असल्यामुळे ती एकमेकांशी बोलायला लागतात. शिकलेल्या माणसाचं घरातलं वजन वाढतं, की तो घरात पाहुणा होतो? यावर तुमच्या सोसायटीत प्रत्येकाकडे घरची एक तरी गोष्ट निघेल. बैठक लांबली तर क्लबहाउसची चावी कुणाकडे आहे ते मात्र आधी बघून ठेवा.

सगळ्या वर्षाचे प्रश्न जानेवारीतच छापून टाकू नका. तीन महिन्यांचे ठरवा, पुढचे तीन तोवर गप्पांतून सुचतात. आणि वर्षाची सुरुवात जानेवारीत करण्यापेक्षा दिवाळीला करा. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाचं वर्ष तिथेच सुरू होतं, असं माझं मत. प्रत्येकानं वेगळा अंक घ्यायचा. बरीच वाचनालयं ठरावीक वर्गणीत अंक फिरवण्याची योजना ठेवतात, त्यात दोघा-तिघांनी नाव घातलं तरी कट्ट्याचं भागतं. प्रश्न: ‘यंदा मराठी माणूस कशाला घाबरलाय?’ चौदा अंकांतल्या कथा, लेख, व्यंगचित्रं, अगदी राशिभविष्यसुद्धा या नजरेनं चाळून बघा. मुलांचं परदेशी जाणं, एआय, पुनर्विकास, म्हातारपण… यादी दरवर्षी थोडी सरकते. ती कुठे सरकली यावर तासभर सहज जातो.

डिसेंबर आणि जानेवारी मिळून एक जाडजूड पुस्तक, चारशे पानांच्या वरचं. थंडी म्हणावी एवढी थंडी ठाण्यात पडत नाही, पण रात्री पंख्याखाली वाचवतं. हे दोन महिन्यांचं काम आहे असं उघड सांगून टाका, म्हणजे जाड पुस्तकाची धास्ती कमी होते.

फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिन येतो, २७ तारखेला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी. त्या आठवड्यात भाषेचं कौतुक करणारे पुष्कळ असतात, तुम्ही त्यात भर घालू नका. बोलींकडे वळा. तुमच्या सोसायटीत जळगावचं घर असेल, मालवणचं असेल, नागपूरचं असेल. आणि तुमच्या टॉवरच्या मागे कासारवडवली, ओवळा, वाघबीळ ही जुनी गावं आहेत. ठाणे-नवी मुंबईचा मूळचा आवाज आगरी-कोळी आहे आणि आपण टॉवरवाले तो लग्नाच्या डीजेवर तेवढा ऐकतो. प्रश्न असा ठेवा: ‘लेखक गावच्या बोलीत कधी बोलतो आणि कधी गप्प होतो?’ बघा, पुष्कळ ग्रामीण कादंबऱ्यांत पात्रं बोलीत बोलतात, पण निवेदन सुरू झालं की लेखक शाळेतल्या मराठीत परततो. असं का? बहिणाबाईंची चार गाणी सामाईक मजकूर म्हणून घ्या, आणि खानदेशातल्या माणसालाच वाचायला सांगा, बाकीच्यांनी उच्चारांची वाट लावू नये. शक्य असेल तर बाजूच्या गावातल्या एखाद्या आजींना बोलवा. त्या काही वाचणार नाहीत, त्या सांगतील. तेही चालतं.

मार्चमध्ये परीक्षा आणि इयर एंडिंग असतं. शंभर पानांच्या आतलं काहीही आणा, प्रश्न त्या महिन्यात सैल ठेवला तरी चालेल. मे महिन्यात निम्मे लोक गावी असतात. त्यांना एवढंच सांगा की गावच्या कपाटात सापडलेलं पुस्तक आणायचं आणि पहिल्या पानावर कुणाचं नाव आहे त्या माणसाबद्दल सांगायचं. ज्येष्ठाच्या अखेरीला पालख्या निघाल्या की ‘पायी निघालेल्याला काय दिसतं?’ इथे विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ नक्की कुणाला तरी द्या. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक चार पैसे मिळवायला उत्तरेकडे निघाला, १८५७ च्या बंडात सापडला आणि झाशीच्या वेढ्यात अडकला. पुस्तक छापलं गेलं १९०७ मध्ये. इतिहासाच्या पुस्तकात न मिळणारे तपशील त्यात आहेत, म्हणजे त्या धामधुमीत जेवणाचं आणि पाण्याचं काय केलं वगैरे. गणपतीच्या महिन्यात सरळ सुट्टी घ्या. ज्या घरात दीड दिवसाचा की पाच दिवसांचा यावर चर्चा चालू आहे तिथे कादंबरी कोण उघडणार?

आता किती वाचायचं त्याचा हिशेब. मराठी पुस्तकाचं एक पान सावकाश वाचायला दोन मिनिटं धरा. २०० पानांना ४०० मिनिटं लागली. रोज २० मिनिटं दिली तर २० दिवसांत पुस्तक संपतं आणि महिन्याचे दहा दिवस तापाला, पाहुण्यांना आणि क्रिकेटला शिल्लक राहतात. ठाणे-वाशी लोकलला अर्धा तास लागतो. बसायला मिळालं तर एका बाजूच्या प्रवासातच रोजचं भागतं. साडेआठच्या गर्दीत एक हात वरच्या कडीला आणि दुसरा बॅगेला असतो, तिथे पुस्तक उघडणं अशक्य आहे. म्हणून तुमचा ऑडिओवाला सभासद मला तरी अगदी व्यवहारी माणूस वाटतो. ऐकलेलं पुस्तक वाचलेलंच धरा. त्याला फक्त एक काम जादा द्या: वाचणाऱ्याच्या आवाजानं कुठे गोष्ट बदलली, ते सांगायचं. उरलेल्यांना हे सुचणारच नाही.

इंग्रजीही चालू द्या. हिंदी, गुजराती, कन्नड, जे येईल ते. प्रश्न मराठीत आहे, सामाईक मजकूर मराठीत आहे आणि बोलणं मराठीत आहे, एवढं पुरे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या कित्येक मुलांना मराठी उत्तम कळतं, पण देवनागरीत भरभर वाचता येत नाही आणि त्याची त्यांना लाज वाटते. त्यांच्या हातात तीनशे पानांची मराठी कादंबरी दिली तर ती पुन्हा यायची नाहीत. महिन्याला एक मराठी मजकूर कानावर पडला, तर वर्षभरात एखादा स्वतःहून पुस्तक मागेल. नाही मागितलं तरी बिघडत नाही.

बैठकीचे नियम तीनच ठेवा. पहिला, कथानक सांगायचं नाही. प्रत्येकानं पुस्तकातला एक परिच्छेद वाचून दाखवायचा आणि महिन्याच्या प्रश्नाला त्यात काय उत्तर मिळालं ते बोलायचं. दोन्ही मिळून चार मिनिटं. चौदा जणांची ५६ मिनिटं होतात, सामाईक वाचनाची पंधरा-वीस, बाकीचा वेळ भांडायला. दुसरा, फोनवर टायमर लावायचा आणि तो वाजला की वाक्य पुरं करून थांबायचं, मग बोलणारा कुणीही असो. तिसरा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पुस्तक अर्धवट सोडलेल्यानं ते घेऊन यायचंच आणि ज्या पानावर सोडलं ते पान दाखवायचं. का सोडलं? कंटाळा आला, राग आला, की ते पान आपल्याच घरातलं वाटलं? सोडलेल्या पुस्तकांवर जास्त मोकळेपणानं बोललं जातं, कारण तिथे कुणालाही हुशारी दाखवायची नसते.

गुण बंद करा. गुण असले की लोक पानं मोजतात, आणि मग महिन्याच्या २८ तारखेला नव्वद पानी पुस्तकांना अचानक मागणी येते. ग्रुपवरचे फोटोही बंद. मुखपृष्ठाचा फोटो म्हणजे वाचल्याचा पुरावा नाही, आणि ज्याचं झालेलं नाही त्याच्या जखमेवर मीठ मात्र आहे. महिन्यातून एकदा तुम्हीच ग्रुपवर प्रश्न टाका आणि पंधरवड्यानं विचारा, ‘कोण कुठल्या पानावर?’ सकाळच्या सुप्रभातांच्या ढिगाऱ्यात तो हरवू नये म्हणून पिन करून ठेवा.

पुस्तकांसाठी ठाणेकरांनी कुरकुर करू नये. आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. घोडबंदरहून स्टेशनकडे जायचं म्हणजे ट्रॅफिकपायी अर्धा दिवस जातो हे मान्य. म्हणून पाळी लावा. त्या महिन्याच्या माणसानं जायचं, दोन-तीन जणांच्या सभासदत्वावर पुस्तकं आणायची. आणि जाताना ग्रंथपालांना प्रश्नच सांगायचा, पुस्तकाचं नाव नाही. ‘पायी प्रवासाचं काही आहे का?’ असं विचारलं की ते कपाटामागून जे काढून देतात ते तुमच्या-माझ्या यादीत कधीच आलं नसतं. महिनाभर आधी विचारा म्हणजे त्यांनाही शोधायला वेळ मिळतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात, मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं आहेत. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, त्यामुळे ज्यांना जाऊन साठाहून जास्त वर्षं झाली त्यांचं लेखन खुशाल छापून वाटा. बाकीच्या लेखकांच्या पुस्तकांची मात्र अख्खी झेरॉक्स काढू नका. एक प्रत विकत घ्या आणि फिरवा.

आणि आता काका. महिन्याला सहा पुस्तकं वाचणारा माणूस सोसायटीत आहे हे तुमचं नशीब. त्यांना बोलायला कमी आणि काम जास्त द्या. दर महिन्याचा सामाईक मजकूर शोधायची जबाबदारी त्यांची. त्यांनी तीन मजकूर सुचवायचे, तुम्ही एक निवडायचा. प्रश्नाला धरून आठ पानांचा, मोठ्यानं वाचता येईल असा मजकूर शोधायला खरंच पुष्कळ वाचावं लागतं, त्यांची सहा पुस्तकं सत्कारणी लागतील. बैठकीत त्यांनाही चारच मिनिटं, आणि पहिल्या महिन्यात टायमर त्यांच्याच हातात द्या. जो घड्याळ लावतो त्याला स्वतःचं बोलणं लांबवायला संकोच वाटतो.

राहिलं बक्षीस. सगळ्यांत जास्त वाचणाऱ्याला देऊ नका, तो काकांनाच जाईल आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा काकांनाच. वर्गणीतून पैसे उरले तर वर्षभरात ज्या दोन पुस्तकांसाठी सगळ्यांत जास्त लोकांनी ‘मला द्या वाचायला’ म्हटलं, ती विकत घेऊन सोसायटीच्या ऑफिसमधल्या कपाटात ठेवा. शेजारी वही ठेवा, कुणी कधी नेलं ते लिहायला. आणि वहीला पेन दोरीनं बांधा.